धुळीतून बदली

आरंभीच क्षमा मागते. लिहिण्याचा मला कसलाही अधिकार नाही. सरकारी कार्यालयात सारी नोकरी मी लिहिण्यातच घालवली हे खरे. पण ते लेखन दुसऱ्यांच्या सहीसाठी होते. टिपणे, मसुदे, स्मरणपत्रे. त्यांत ‘मी’ हा शब्द कधी वापरावा लागला नाही. आता निवृत्तीनंतर तो वापरताना परक्या घरात न विचारता पाऊल टाकल्यासारखे वाटते. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचे ते डोमाजी शेंडे स्वतःविषयी चार शब्द बोलतानाही अवघडत असत. त्यांना हे आवडले असते की नाही, हे विचारण्याची सोय राहिलेली नाही. तरीही लिहिते. एक गोष्ट इतकी वर्षे मनात अडून बसली आहे आणि ती माझी मला उलगडत नाही, एवढेच त्याचे कारण.

डोमाजी आमच्या कार्यालयाच्या रेकॉर्ड रूमचे दफ्तरी होते. नागपूर मध्य प्रांताची राजधानी असताना बांधलेली ती इमारत. जाड भिंती, उंच छत, आणि तळमजल्याच्या टोकाला ही लांबलचक खोली. भिंतींना लागून छतापर्यंत लाकडी फळ्या आणि फळ्यांवर लाल कापडात बांधलेले बस्ते. जिल्ह्यातल्या गावोगावच्या जमिनींचे जुने कागद त्यांत होते. कुणाच्या शेताची हद्द कुठे, विहीर कुणाची, वाट कुणाच्या बांधावरून, हे सारे त्या लाल गाठोड्यांत.

सासष्ट साली इतिहासाची एम्. ए. होऊन मी तिथे लागले. कार्यालयात स्त्रिया दोनच. दुसऱ्या टंकलेखिका होत्या. मला कुठे बसवावे, हा प्रश्न मुख्य लिपिकांना पडला असावा. त्यांना सारे बडे बाबू म्हणत. बाहेरच्या दालनात पुरुषांची गर्दी आणि विडी-सिगारेटचा धूर. रेकॉर्ड रूममध्ये मात्र आगीच्या भीतीने धूम्रपानाला सक्त बंदी होती. “बाईंना तिथेच बरं,” असे म्हणून बडे बाबूंनी माझे टेबल तिथे ठेवले. अशा रीतीने मी आणि डोमाजी दहा वर्षे एका खोलीत काम केले.

ते उंच होते आणि वाकलेले होते. खाकी कोट, कोटाच्या खिशात सुताची गुंडी, चष्म्याची एक काडी सुताने बांधलेली. बस्ता काढला की तो मेजावर ठेवून त्यावर दोनदा थाप मारीत, तोंड बाजूला फिरवीत आणि धूळ खाली बसेपर्यंत थांबत. पहिल्याच दिवशी मी घाईने गाठ सोडू गेले, तेव्हा त्यांनी हात आडवा धरला.

“याले पयले खोकलू द्या, बाई. मंग आपन.”

सगळ्या बस्त्यांशी त्यांचे असे नाते होते. रामटेक तहसिलीचे कागद सर्वांत जीर्ण. ते ‘रामटेकचा बुढा’. मौद्याकडच्या एका बस्त्याची पुठ्ठ्याची पाठ मोडली होती, तो ‘लंगडा’. कुणी शेतकरी नक्कल मागायला आला की ते गावाचे नाव ऐकून क्षणभर डोळे मिटीत आणि सरळ शिडीकडे जात. सूचीत पाहण्याची गरज त्यांना क्वचितच पडे. शिक्षण चौथीपर्यंतचे, पण माझ्या एम्. ए.चे त्यांना फार अप्रूप होते. पहिल्या आठवड्यातच त्यांनी माझे नाव ‘यम्मेबाई’ ठेवले. त्यात थट्टा किती आणि आदर किती, याचा हिशेब मला शेवटपर्यंत लागला नाही.

दाराशी एका स्टुलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असे. आत येणाऱ्याने विडी, सिगारेट, काड्यापेटी त्यात टाकायची आणि जाताना परत घ्यायची. हा नियम कुणा जुन्या साहेबाचा होता, पाळणारे डोमाजी. सकाळी दहाला शिपायाने कुलूप उघडले की पहिला कट्टा, म्हणजे विड्यांचा जुडगा, डब्यात पडे तो त्यांचा स्वतःचा. दुपारच्या सुटीत तो बाहेर निघे, अर्ध्या तासाने परत आत जाई, आणि साडेपाचला त्यांच्याबरोबर घरी. सुटीत ते चिंचेच्या झाडाखाली उकिडवे बसून दोन विड्या ओढीत. त्या दोन सोडल्या तर साऱ्या कामाच्या वेळात त्यांच्या ओठाला विडी लागत नसे, आणि त्यांनी तिचे नाव काढलेलेही मी ऐकले नाही.

एकदा नवे साहेब पाहणीला आले. बोटांत जळती सिगारेट. मागे बडे बाबू आणि चार कारकून. डोमाजी दारात डबा घेऊन उभे राहिले.

“साहेब, डबा.”

“हे काय आहे?”

“सिगारेट, काड्या. बाहेर निघतानी वापस भेटते.”

बडे बाबूंनी मागून डोळे वटारले. साहेबांचा चेहरा बदलला. “मी कोण आहे, माहीत आहे का तुम्हाला?”

“हाव जी. म्हनूनच दोन्ही हातानं धरला. बाकीच्याइले एका हातानं धरतो.”

साहेबांनी डब्याकडे पाहिले आणि ते हसले. सिगारेट पायाखाली विझवून त्यांनी पाकीट डब्यात टाकले. ते गेल्यावर डोमाजी म्हणाले, “माह्या कट्ट्याले आज मोठी सोबत भेटली होती, बाई. घरी गेल्यावर आता तो मले भाव देत नाई.” एवढे बोलून ते हसू लागले; हसण्याचा खोकला झाला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

खोकला मी लागले तेव्हापासूनचा होता. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला तो ऐकू आला की मी टेबल पुसायला घेई. डोमाजी दारापर्यंत पोहोचेतो टेबल स्वच्छ होई. हे अंतर वर्षावर्षाने वाढत गेले. पुढे तर टेबल पुसून मी दौत भरून ठेवी, तरी ते यायचे असत. शिडी अकरा पायऱ्यांची होती. आरंभी ते ती एका दमात चढत. काही वर्षांनी सहाव्या पायरीवर थांबून समोरच्या बस्त्यावरची चिठ्ठी वाचू लागले. मला वाटे, काही शोधताहेत. पुष्कळ दिवसांनी ध्यानात आले की ती चिठ्ठी नेहमी एकच असे. त्यानंतर ते शिडीच्या मधोमध थांबले की मी मान खाली घालून लिहीत राही. आपला श्वास पुरत नाही, हे त्यांना कुणाला दिसू द्यायचे नव्हते.

एका हिवाळ्यात ते आठ दिवस आले नाहीत. मी धाकट्या भावाला बरोबर घेऊन गड्डीगोदाम वस्तीत त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, पुढे अंगण. अंगणात त्यांच्या पत्नी यशोदाबाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. सुपात कापलेली तेंदूची पाने आणि तंबाखू. बोटे न पाहता चालत होती. डोमाजी बाजेवर उशीला टेकून बसले होते आणि त्यांच्या हातात जळती विडी होती. मला पाहताच त्यांनी ती बाजेच्या पायाला दाबून विझवली.

“तुमीच सांगा याइले,” यशोदाबाई म्हणाल्या. “रातभर बसून राह्यते. झोपाले गेले का जीव घुसमटते. तरी सकाळी उठल्याबरोबर पयले थेच.”

“तू वळतं, म्या ओढली तं का बिघडलं वं? तुह्याच हातची हाये.”

“माह्या हातची भाकर तं अर्धी टाकता तुमी.”

डोमाजींनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. मी काय सांगणार? मी म्हटले, “सोडून पाहा ना, डोमाजी.” इतके दुबळे वाक्य मी कार्यालयीन मसुद्यातही कधी लिहिले नसेल. पण त्यांनी ते मनावर घेतले.

मनावर यशोदाबाईंनीही घेतले. दुसऱ्या दिवसापासून त्या सूप उचलून पलीकडच्या शेजारणीच्या ओट्यावर वळायला बसू लागल्या. कारखान्याचा माणूस वाकड्यातिकड्या विड्या बाजूला काढी. त्या पूर्वी घरी येत आणि डोमाजींच्या वाट्याला जात. आता यशोदाबाई त्या तिथेच मोडून तंबाखू झटकून टाकीत. घरात तंबाखूचा कणही राहू द्यायचा नाही, असे त्यांनी ठरवले होते.

पुढच्या चार-पाच वर्षांत डोमाजींनी विडी किती वेळा सोडली, ते सांगता येणार नाही. पहिल्या खेपेला ते विहारात गेले होते. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी मला हकीकत सांगितली.

“भंतेजीले इचारलं, पाचव्या शीलात विडी येते का? ते म्हणे, तुमाले का वाटते? म्या म्हटलं, मले तं वाटते नाई येत. तिथं दारूचं हाये. तं ते म्हणे, मंग मले इचारून काहून राहिले?”

“मग?”

“मंग का? सोडली.”

त्या वेळी ती अकरा दिवस सुटली. खिशात बडीशेप आली. बस्त्यांवर थाप मारण्याचा जोर वाढला. एका नकलेवरून ते मला प्रथमच रागावून बोलले आणि संध्याकाळी जाताना दाराशी थांबून म्हणाले, “ते म्या नाई बोललो, बाई. ते विडी बोलली.” बाराव्या दिवशी रविवार होता. सोमवारी सकाळी डब्यात कट्टा पडल्याचा आवाज झाला आणि मी वर पाहिले नाही.

“रविवार लय लंबा असते,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

पुढच्या खेपेला दिवाळीची सुटी आडवी आली. त्यापुढच्या खेपेला तापाने चार दिवस घरी राहिले, तेव्हा. त्यांचा प्रत्येक प्रयत्न सुटीच्या दिवशी मोडे. हे माझ्या लक्षात आले होते, मी ते एकदा त्यांना हसत सांगितलेही होते. त्याचा अर्थ काय, हे मात्र इतिहासाच्या एम्. ए.ला कळले नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी मला सांगितली होती. तीही मी नुसती ऐकली. छप्पन साली दीक्षेला ते गेले होते. गावाकडून आलेली माणसे, पांढरे कपडे, पहाटेपासून उभे राहणे. “सकाळी घरून निघालो ते रात्री वापस आलो. खिशात कट्टा होता. हातच गेला नाई बाई खिशाकडे. आठवनच नाई आली. जिनगानीत असा एकच दिवस.” मग म्हणाले, “तसा दिवस रोज कोठून आनावं?”

शहात्तरच्या उन्हाळ्यात त्यांचे ओठ निळसर दिसू लागले. बोलताना वाक्य मध्येच तुटे. ते श्वास घेत आणि मग उरलेले अर्धे बोलत. यशोदाबाईंनी त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलेला कागद घेऊन डोमाजी माझ्याकडे आले. मी वाचला. फुप्फुसांचा जुना विकार. फुप्फुसे सैल पडली आहेत आणि जे गेले ते परत येणार नाही. आहे ते राखायचे असेल तर धूम्रपान पूर्ण बंद करावे आणि धुळीपासून दूर राहावे. मी सारे मराठीत समजावून सांगितले, काही लपवले नाही.

“म्हंजे दोन गोष्टी,” डोमाजी म्हणाले.

“दोन.”

त्या दोन गोष्टींपैकी आम्ही दुसरी उचलली. आम्ही म्हणजे मी, बडे बाबू, आणि कार्यालयातले सारे भले लोक. विडी सोडणे डोमाजींच्या हाती होते आणि ते त्यांना जमत नव्हते. धूळ आमच्या हाती होती. धुळीला अर्ज करता येत होता. बडे बाबू माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “बाई, एक चांगला अर्ज लिहा. वैद्यकीय कारणावर बदली मागा. आवक-जावकची जागा रिकामी होते आहे. मी साहेबांच्या कानावर घालतो.”

डोमाजींना मी हे सांगितले, तेव्हा त्यांना आनंद झाला नाही. ते फळ्यांकडे वळले.

“मी बाहेर गेलो तं कागदं कोन पाहीन?”

“दुसरा माणूस येईल. तुम्ही त्याला शिकवा.”

“तसं नाई बाई. मी आत असलो का बरा असतो.”

“इथल्या धुळीत?”

“हाव,” ते म्हणाले आणि काही सांगणार होते. पण खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत मी दौतीत टाक बुडवला होता.

अर्ज मी इंग्रजीत लिहिला. दोन दिवस लिहीत होते. लिहिलेले आवडावे, असा तो माझ्या आयुष्यातला पहिला कागद. दहा वर्षे त्या माणसाच्या शेजारी बसून जे पाहिले ते सारे त्यात आले: सहाव्या पायरीवरचे थांबणे, बस्त्यावरची थाप, निळे ओठ. या खोलीतली धूळ हेच त्यांच्या विकाराचे मूळ आहे आणि त्यांना इथे ठेवणे म्हणजे जाणूनबुजून त्यांच्या जिवावर उठणे आहे, असा माझा शेवटचा परिच्छेद होता. डोमाजींनी खाली सावकाश सही केली. तीन आठवड्यांत बदली मंजूर झाली. साहेबांनी अर्ज कुणी लिहिला म्हणून विचारल्याचे बडे बाबूंनी सांगितले, आणि मी दिवसभर खुशीत होते. हे लिहायला लाज वाटते, पण ते खरे आहे.

आवक-जावकचे मेज व्हरांड्यात होते, कँटीनच्या खिडकीला लागून. मोकळी हवा, समोर चिंचेची सावली. पहिला आठवडा-पंधरवडा खोकला खरोखरच कमी झाला आणि सारे एकमेकांचे अभिनंदन करीत होते. पण व्हरांडा ही साऱ्या कार्यालयाची विडी ओढण्याची जागा. चहाला आलेला कारकून विडी पेटवी आणि दुसरी त्यांच्यापुढे धरी. “घ्या डोमाजी, आता का डबा थोडाच हाये इथं?” तारखेवर आलेले पक्षकार, टपाल घेऊन आलेले शिपाई, सारे कट्टा पुढे करीत. इतकी वर्षे ज्या माणसाने सर्वांच्या विड्या काढून घेतल्या, त्याला विडी देण्यात लोकांना काही गंमत वाटत असावी. तीत वाईट हेतू नव्हता.

मी एकदा त्यांच्या मेजाशी गेले. पाकिटांच्या ढिगाशेजारी थोटके पडली होती.

“हाताले कामच नाई, बाई,” ते म्हणाले. “पाकीट चिकटवा, शिक्का मारा, अन् टपालवाल्याची वाट पाहा. हात रिकामा राह्यला का खिशाकडेच जाते.”

“किती होतात दिवसाला?”

कट्टा मेजावर होता. तो त्यांनी दोन बोटांनी थोडा दूर सरकवला. मग मला कळले. त्या क्षणी, त्या व्हरांड्यात उभी असताना सारे एकदम कळले. आगीच्या भीतीने कुणा साहेबाने घातलेली बंदी हेच या माणसाचे औषध होते. ते रोज सात तास त्याला मिळत होते, आणि मी सुंदर इंग्रजीत अर्ज करून ते बंद करवले होते.

त्यांना ते आधीच ठाऊक होते. एके दिवशी दुपारी ते रेकॉर्ड रूमच्या दाराशी आले. नवा दफ्तरी होता वाघाडे, तरुण, चोख. डोमाजींनीच त्याला महिनाभर शिकवले होते. डोमाजींनी खिशातून कट्टा आणि काड्यापेटी काढून त्याच्यापुढे धरली.

“घे गा. जरा घंटाभर आत बसतो.”

“काम का हाये, डोमाजी?”

“काम नाई.”

“मंग कसं बसता येईन? काम नसन त्याले आत बसू द्याचं नाई, तुमीच तं सांगतलं होतं.”

“हाव,” डोमाजी म्हणाले. “सांगतलं होतं.” त्यांनी कट्टा खिशात परत ठेवला आणि वाघाडेच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बराबर केलं गा.” व्हरांड्यातून त्यांची पावले जाताना ऐकू आली. मी माझ्या टेबलाशी होते, दारापासून सहा हातांवर. ‘बसू दे त्यांना’ एवढेच म्हणायचे होते. वाघाडेने ऐकले असते. पण मला मध्ये बोलण्याची सवय नव्हती. शब्द जुळवीपर्यंत ते गेले होते.

मी दुसरा अर्ज लिहिला: त्यांना परत पाठवावे म्हणून. तो लिहिणे पहिल्यापेक्षा फार अवघड गेले. खरे कारण लिहावे तर कामाच्या वेळी विडी ओढतात, हे त्यांच्याच सहीने कागदावर येणार. ते टाळावे तर कारणच उरत नव्हते. ‘कामाचा दीर्घ अनुभव’ वगैरे काहीतरी लिहिले. बडे बाबूंनी वाचून चष्मा काढला.

“बाई, मागच्या अर्जात तुम्हीच लिहिलंत की धुळीने त्यांचा जीव जाईल. आता पुन्हा धुळीत पाठवा म्हणता. साहेब काय म्हणतील?”

मी म्हटले, “तिथे त्यांना विडी ओढता येत नव्हती.”

“मग इथेही ओढू नये की त्यांनी. कोण बळजबरी करतंय?”

अर्ज वर गेला आणि शेरा घेऊन परत आला: प्रकृतीच्या कारणास्तव बदली केली असल्याने त्याच कारणास्तव परत पाठवता येत नाही. माझाच शेवटचा परिच्छेद आधाराला घेतला होता.

डोमाजींना मी शेरा वाचून दाखवला. “तुमी लय चांगलं लेयलं होतं ना पयले,” ते म्हणाले. टोमणा असेल म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहिले. तसे काही दिसले नाही.

त्यानंतरची चार-पाच वर्षे पाहण्याखेरीज मी काही केले नाही. काही करता येण्यासारखे आहे असे वाटे तेव्हा त्याची वाट सापडत नसे. मी त्यांना बडीशेपेच्या पुड्या आणून देई. ते त्या घेत आणि शिपायांच्या मुलांना वाटून टाकीत. विडी सोडण्याचे प्रयत्न चालूच होते, पण ते आता दुपारपर्यंतही टिकत नसत. कार्यालयात येण्याची त्यांची सायकल आधी चढावर हाती आली, मग सपाटीवर, मग ते ती नुसती आधाराला धरून चालू लागले. फाटकापासून मेजापर्यंत पाच झाडे होती. प्रत्येकाशी थांबत. शेवटच्या पावसाळ्यात त्यांनी रजा घेतली आणि ते परत आले नाहीत. निवृत्तीला दोन वर्षे होती.

जानेवारीत मी गड्डीगोदामात गेले. दुपारचे ऊन अंगणात होते. डोमाजी बाजेच्या कडेला पुढे वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर उचललेले. प्रत्येक श्वासाला मानेच्या शिरा ताणत होत्या. यशोदाबाई त्यांच्या पायाशी बसून विड्या वळत होत्या. सूप पुन्हा घरी आले होते. माझी नजर सुपाकडे गेलेली त्यांनी पाहिली.

“आता घरी वळलं तरी चालते,” त्या हळूच म्हणाल्या. “दोन महिने झाले. ओढाले दमच नाई पुरत. तोंडात धरते अन् ठेवून देते.”

म्हणजे विडी सुटली होती. यशोदाबाईंचे हात चालू होते आणि डोळ्यांतून पाणी येत होते. ते पुसायला त्या थांबल्या नाहीत, कदाचित तंबाखूचे हात म्हणून असेल.

शेजारचे एक गृहस्थ चौकशीला आले होते, कोराडीच्या वीज केंद्रात कामाला जाणारे. डोमाजींनी मला बसायला खूण केली आणि त्यांना म्हणाले, एकेका शब्दावर थांबत:

“ह्या यम्मेबाई. यायनं माह्यासाठी… इंग्रजीत अर्ज लेयला होता. साहेबानं… एका झटक्यात… मंजूर केला.” त्यांनी बराच वेळ श्वास गोळा केला. “आमच्या खानदानीत… तेवढाच एक अर्ज… मंजूर झाला गा.”

मग ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर अभिमान होता, आणि मीही काहीतरी बोलावे, अशी वाट पाहणे होते. गृहस्थही माझ्याकडे पाहत होते. यशोदाबाईंचे हात थांबले.

मी हसले. पदर सारखा केला. उशीर झाला म्हणाले आणि उठले. तेरा दिवसांनी ते गेल्याचे कळले.

त्यांनी तो अर्ज खरोखरच कौतुकाने सांगितला, की माझ्या मनावरचे ओझे त्यांना ठाऊक होते आणि ते उतरवण्यासाठी त्यांनी आपले उरलेले चार श्वास खर्च केले? हे मला आजही ठरवता येत नाही. ते सोडून देते. मला तुम्हाला एवढेच विचारायचे आहे: त्या अंगणात, ते माझ्याकडे पाहत असताना, मी काय बोलायला हवे होते?